डावीकडची जागा

2025 साली 7 ऑगस्टला लॉस एंजेलिस चार्जर्सच्या सरावात रशॉन स्लेटर मैदानावर कोसळला. गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा तुटली होती. मोसमाचा पहिला सामना अजून महिनाभर लांब होता आणि स्लेटरचा मोसम तिथेच संपला. जेमतेम दहा दिवसांपूर्वी त्याने चार वर्षांसाठी 11 कोटी 40 लाख डॉलर्सचा करार केला होता. त्याच्या जागेवर खेळणाऱ्या कुणालाही तोवर वर्षाला एवढे पैसे मिळाले नव्हते.

बातमी आली तेव्हा मी शेजाऱ्याच्या अंगणात बसलो होतो. मी फिलाडेल्फियापासून अर्ध्या तासावर, दक्षिण न्यू जर्सीत राहतो. शेजारी सत्तरीचा आहे आणि लहानपणापासून ईगल्स संघाचा भक्त. फोनवरची बातमी वाचून तो एवढंच म्हणाला, "आता उजवीकडच्याला उचलून डावीकडे नेतील." तसंच झालं. उजवीकडचा जो आल्ट डावीकडे गेला आणि उजवीकडे ट्रे पिपकिन्स आला. शेजाऱ्याला हे आधीच कळलं, कारण आमच्या गावच्या संघाने ही कसरत पूर्वी केलेली आहे आणि तिची किंमतही मोजलेली आहे. त्या संध्याकाळनंतर मी जुने सामने, त्यांचे तपशील आणि त्या वेळच्या बातम्या पुन्हा काढून बसलो. मला शोधायचं होतं ते इतकंच: एक माणूस मोसमाआधी जायबंदी झाला, तर संघाचं नेमकं काय बिघडतं? त्या माणसाच्या अनुपस्थितीने जास्त बिघडतं, की ती झाकण्यासाठी केलेल्या हालचालींनी?

अमेरिकन फुटबॉल न पाहणाऱ्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. चेंडू ज्यांच्या ताब्यात असतो त्या अकरा जणांत पाच धिप्पाड माणसं पुढे एका रांगेत असतात. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड, आणि टोकांना टॅकल. हे पाच लाइनमन पुढे फेकलेला चेंडू झेलू शकत नाहीत, तसा नियमच आहे. मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला दोन-तीन सेकंद मिळवून द्यायचे, किंवा चेंडू घेऊन पळणाऱ्यासाठी वाट काढून द्यायची, हे त्यांचं काम. काम नीट झालं तर त्याची कुठे नोंद होत नाही. चुकलं तर क्वार्टरबॅक चेंडूसकट जमिनीवर जातो, त्याला सॅक म्हणतात, आणि ती नोंद मात्र होते.

हे मला कबड्डीतून समजलं. परळला वाढलेल्या मुलाला साखळी काय असते ते सांगावं लागत नाही. डावा कोपरा चढाईपटूच्या पायाला झेपावतो, तेव्हा त्याचा हात धरलेल्या गड्याने त्याच क्षणी आत सरकायचं असतं. तो अर्धा क्षण उशिरा सरकला तर कोपऱ्याची पकड कितीही चांगली असो, चढाईपटू मधली रेषा गाठतोच. लाइनमनचंही असंच आहे. समोरचे दोघे आडवेतिडवे धावत जागा बदलतात, तेव्हा गार्ड आणि टॅकल यांनी न बोलता आपापला माणूस एकमेकांच्या हाती सोपवायचा असतो. हे शेकडो वेळा एकत्र केल्याशिवाय येत नाही. शिवाय डावीकडे आणि उजवीकडे पाय टाकण्याची पद्धत आरशातल्यासारखी उलटी असते. मागे टाकायचा पाय बदलतो, आधी मारायचा हात बदलतो. दोन्ही टोकांना टॅकलच असतो, म्हणून एकाला दुसऱ्याच्या जागी ठेवता येईल असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या हाताने सही करायला सांगण्यासारखं ते असतं.

डावीकडच्या टोकाला एवढा भाव का, याचा इतिहास फार जुना नाही. बहुतेक क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकतात. फेकताना त्यांचं शरीर उजवीकडे वळलेलं असतं, म्हणून डावीकडून मागे येणारा माणूस त्यांना दिसत नाही. 1978 साली नियम बदलला आणि लाइनमनना हात लांब करून, तळवे उघडे ठेवून प्रतिस्पर्ध्याला थोपवायची मुभा मिळाली. तेव्हापासून ही जागा खांद्यांइतकीच हातांची झाली. 1982 पासून सॅकची अधिकृत मोजणी सुरू झाली. 18 नोव्हेंबर 1985 च्या रात्री न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरने वॉशिंग्टनच्या जो थाइसमनला खाली आणलं. थाइसमनचा पाय मोडला आणि तो पुन्हा कधी खेळला नाही. मायकल लुइस यांच्या 2006 मधल्या 'द ब्लाइंड साइड' या पुस्तकाची सुरुवात याच प्रसंगापासून होते. 1993 मध्ये खेळाडूंना करार संपल्यावर मुक्तपणे संघ बदलायची सोय झाली आणि या जागेची बाजारातली किंमत उघड दिसू लागली.

फिलाडेल्फियात ही जागा 2009 पासून जेसन पीटर्सची होती. पीटर्सची गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे. 2004 साली कुठल्याच संघाने त्याला निवडलं नव्हतं. कॉलेजात तो टाइट एंड होता, म्हणजे झेलही घेणारा. बफेलोने त्याला लाइनमन केलं आणि तिथून तो नऊ वेळा प्रो बोलसाठी निवडला गेला. त्याची जागा रिकामी पडली की काय होतं, हे आम्ही तीन वेळा पाहिलं.

पहिली वेळ 2012. मार्च महिन्यात, मोसमाच्या कितीतरी आधी, पीटर्सची टाचेमागची अकिलीस शीर तुटली. पुढे बरं होत असताना ती पुन्हा दुखावली. ईगल्सने घाईने डिमेट्रेस बेलला आणलं. 2009 मध्ये पीटर्स बफेलोहून इकडे आला तेव्हा बफेलोत त्याची जागा घेणारा हाच बेल होता, म्हणजे पीटर्सची जागा भरायचा अनुभव त्याला होता. तरी तो टिकला नाही. सरावातच किंग डनलॅपने त्याला मागे टाकलं. दुसऱ्या सामन्यात सेंटर जेसन केल्सीचा गुडघा गेला. मोसमाअखेर संघाच्या खात्यावर चार विजय आणि बारा पराभव होते, आणि चौदा वर्षं प्रशिक्षक असलेल्या अँडी रीड यांना निरोप मिळाला. त्या वर्षीच्या पराभवांना इतरही कारणं होती, सगळं खापर एका शिरेवर फोडू नये. पण रांगेचं काय झालं ते दिसत होतं.

दुसरी वेळ 2017, मोसमाच्या मध्यावर. ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनविरुद्ध पीटर्सच्या गुडघ्याचे दोन अस्थिबंध तुटले. स्टेडियममधल्या लोकांनी त्याच्या नावाचा घोष केला, आणि माझ्या शेजाऱ्याने टीव्ही बंद केला. त्याच्या जागी आला हॅलापूलिवाटी वायटाई, पाचव्या फेरीत निवडलेला, दुसऱ्याच वर्षाचा खेळाडू, ज्याला सगळे नुसतं 'बिग व्ही' म्हणत. तो पीटर्सच्या जवळपासही नव्हता. पण बाकीचे चौघे हलले नाहीत. उरलेल्या मोसमात रांगेची घडी बव्हंशी तीच राहिली. वायटाईला अवघड गडी समोर आला की शेजारी टाइट एंड उभा करायचा, किंवा मागून निघणाऱ्या पळणाऱ्याने जाता जाता त्या गड्याला एक धक्का द्यायचा. मदत माणसाला दिली, माणूस हलवला नाही. 4 फेब्रुवारी 2018 ला ईगल्सने न्यू इंग्लंडला 41-33 असं हरवून पहिलं सुपर बोल जिंकलं. त्या सामन्यात आमचा क्वार्टरबॅक निक फोल्स, तोही बदलीच, एकदाही सॅक झाला नाही. हा आकडा मी लेखासाठी पुन्हा तपासला. खरा आहे.

तिसरी वेळ 2020. या लेखाचा खरा विषय ती आहे.

पीटर्सचं वय झालं होतं. त्याचा वारस म्हणून 2019 मध्ये ईगल्सने पहिल्या फेरीत बाविसाव्या क्रमांकावर आंद्रे डिलर्डला घेतलं. त्यासाठी बाल्टिमोरशी सौदा करून ते यादीत वर सरकले होते. डिलर्डचे पाय हलके होते, क्वार्टरबॅकचा बचाव करण्यात तो कॉलेजात नावाजलेला. पण तो डावीकडचा होता. नोव्हेंबर 2019 मध्ये सिअॅटलविरुद्ध उजव्या बाजूचा लेन जॉन्सन नव्हता म्हणून डिलर्डला उजवीकडे उभं केलं. मध्यंतराला त्याला बाहेर काढावं लागलं. जागा बदलता येतात या समजुतीला मिळालेला तो स्पष्ट इशारा होता. तो विसरला गेला, किंवा आठवत असूनही उपाय नव्हता.

2020 चा उन्हाळा कोणाला आठवायला हवा? खेळाडू महिनोन् महिने घरी. शिकवणी पडद्यावर. मोसमपूर्व सराव सामने त्या वर्षी पूर्ण रद्द झाले. लाइनमनचं यात इतरांपेक्षा जास्त नुकसान होतं. झेल घेणारा घरामागच्या मैदानात एकटा सराव करू शकतो, पण पाच जणांची रांग एकट्याने कशी सरावणार? आधीच 2011 च्या करारापासून पॅड घालून करायचा सराव बराच कमी झाला होता. दिवसातून दोनदा असा सराव बंद झाला, मोसमात पॅडसह सराव फक्त चौदा. खेळाडूंच्या शरीरासाठी ते योग्यच झालं असं मला वाटतं. मात्र राखीव लाइनमनला तयार होण्याची जी जागा होती ती आक्रसली. 2020 च्या नव्या करारात एक गमतीदार कलम आलं: सामन्याच्या दिवशी 46 ऐवजी 48 खेळाडू तयार ठेवता येतील, पण त्यांत किमान आठ लाइनमन असतील तर. लाइनमन कमी पडतात हे मालकांना आणि खेळाडूंच्या संघटनेला, दोघांनाही ठाऊक होतं.

जूनमध्ये उजवा गार्ड ब्रँडन ब्रुक्सची अकिलीस शीर तुटली. ब्रुक्स सलग तीन वर्षं प्रो बोलला निवडला गेलेला. ती जागा भरायला जुलैमध्ये पीटर्सला परत बोलावलं. वय 38, आणि बसवायचा तो उजव्या गार्डच्या जागी, जिथे तो कधी खेळला नव्हता. तो तयार झाला. मग ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सरावात डिलर्डच्या बायसेप्सचा स्नायू फाटला. हा स्नायू हाडाशी पुन्हा शिवावा लागतो आणि मग कित्येक महिने त्या हातावर भार टाकता येत नाही. उघड्या तळव्यांनी दीडशे किलोचा माणूस थोपवणाऱ्याला हाताशिवाय काम नाही. डिलर्डचा मोसम सुरू होण्याआधीच संपला.

काही दिवस डावीकडे इतरांना आजमावून पाहिलं. मग मोसमाच्या तोंडावर पीटर्सला पुन्हा डावीकडे जायला सांगितलं. त्या वेळच्या बातम्यांनुसार त्याने सरळ सांगितलं की गार्डचा पगार वेगळा, टॅकलचा वेगळा. शहरात यावरून बराच गदारोळ झाला, रेडिओवर लोक त्याला लोभी म्हणत होते. मला ते पटलं नाही. 38 वर्षांच्या माणसाला ज्या जागेची जोखीम घ्यायला सांगता, त्या जागेचा भाव द्या. पगार वाढवून दिला आणि तो गेला.

आता मोजून पाहा. ब्रुक्सचं भोक बुजवायला पीटर्स आला. डिलर्डचं भोक बुजवायला पीटर्स हलला, म्हणजे ब्रुक्सचं भोक पुन्हा उघडं. तिथे नेट हर्बिग. लेन जॉन्सनच्या घोट्यावर ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया झाली होती, म्हणून उजव्या टोकाला जॅक ड्रिस्कॉल, कॉलेजातून नुकताच आलेला. 13 सप्टेंबरला वॉशिंग्टनविरुद्ध हे पाच जण उभे राहिले तेव्हा आधीच्या वर्षीच्या जागी फक्त तिघे होते: पीटर्स, आयझॅक सेउमालो आणि केल्सी. ईगल्स 17-0 ने पुढे होते. नंतर वॉशिंग्टनने आमच्या कार्सन वेन्ट्झला आठ वेळा सॅक केलं आणि 27-17 ने सामना नेला.

पुढे पडझड थांबली नाही. सेउमालोचा गुडघा गेला. पीटर्सच्या पायाचं बोट दुखावलं. सोळा सामन्यांत ईगल्सने रांगेच्या चौदा वेगवेगळ्या जुळण्यांनी सुरुवात केली. सोळाही सामन्यांत आपल्या जागी उभा राहिलेला एकटा केल्सी. संघाने 65 सॅक दिल्या, लीगमध्ये सर्वांत जास्त. त्यांतल्या 50 एकट्या वेन्ट्झच्या वाट्याला आल्या, तेही बाराच सामन्यांत. 2019 च्या उन्हाळ्यात चार वर्षांसाठी 12 कोटी 80 लाखांचा करार झालेला हा क्वार्टरबॅक डिसेंबरमध्ये ग्रीन बेविरुद्ध बाकावर बसवला गेला आणि पुढच्या वर्षी इंडियानापोलिसला गेला. प्रशिक्षक डग पीडरसन यांनी तीन वर्षांपूर्वी शहराला पहिलं सुपर बोल दिलं होतं. चार विजय, अकरा पराभव आणि एक बरोबरी झाल्यावर 11 जानेवारी 2021 ला त्यांनाही काढलं.

सगळा दोष रांगेचा होता का? सामने पुन्हा पाहताना मी घड्याळ घेऊन बसलो होतो. अर्ध्याअधिक वेळा वेन्ट्झ चेंडू धरून ठेवतो आहे, फेकायची वेळ उलटून जाते आहे. पण मार खाल्लेला माणूस तसाच वागतो. ज्याला डावीकडून कोण येतंय याची खात्री नाही, तो समोर कमी आणि बाजूला जास्त बघतो. जेलन हर्ट्स आला तेव्हा त्याच मोडक्या रांगेमागे त्याने पायांचा उपयोग केला. न्यू ऑर्लिन्सविरुद्ध पहिल्याच पूर्ण सामन्यात 106 यार्ड धावला आणि जिंकला. रांग सुधारली नव्हती, तिच्यावर अवलंबून राहणं कमी झालं होतं.

आता जॉर्डन मायलाटा. सिडनीतला, सामोअन कुटुंबातला मुलगा, 6 फूट 8 इंच, वजन दीडशे किलोच्या वर. साउथ सिडनीच्या वीस वर्षांखालच्या संघात रग्बी लीग खेळायचा. ईगल्सने 2018 मध्ये त्याला सातव्या फेरीत, 233 व्या क्रमांकावर घेतलं, तोवर तो अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. पहिली दोन्ही वर्षं पाठीच्या दुखण्याने संपली. ती दोन वर्षं तो रांगेचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांच्याकडून शिकत होता. सामने नव्हते, नुसता धडा होता. डिलर्ड पडला तेव्हा मायलाटा तयार आहे असं कुणाला वाटलं नाही, म्हणून तर पीटर्सला हलवलं. 4 ऑक्टोबरला पीटर्स नव्हता, तेव्हा नाइलाजाने मायलाटा सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध उभा राहिला. ईगल्स 25-20 ने जिंकले. त्या मोसमात त्याने दहा सामन्यांत सुरुवात केली. नोव्हेंबरअखेर संघाने पीटर्सला उजव्या गार्डच्या जागी पाठवलं आणि डावी बाजू मायलाटाला दिली. म्हणजे जुलैत ठरलं होतं त्या जागी पीटर्स नोव्हेंबरात पोहोचला, आणि मधल्या काळात मोसम गेला.

सप्टेंबरमध्येच मायलाटाला उभं केलं असतं तर? तो चुकला असता, वायटाई चुकायचा तसाच. पण पीटर्स गार्डच्या जागी राहिला असता, आणि हलवाहलव एका जागेची झाली असती. मागे वळून हे म्हणणं सोपं आहे, हेही मला कळतं. सराव सामने नसताना, सातव्या फेरीच्या रग्बीपटूवर 12 कोटींच्या क्वार्टरबॅकची पाठ सोपवायची हिंमत मीही केली नसती.

2021 च्या सरावात डावीकडच्या जागेसाठी मायलाटा आणि डिलर्ड यांच्यात चुरस होती. मायलाटा जिंकला आणि सप्टेंबरमध्ये त्याच्याशी 6 कोटी 40 लाखांचा करार झाला. डिलर्ड राखीव राहिला, बोलावलं तेव्हा खेळला. 2023 मध्ये टेनेसीने त्याला तीन वर्षांसाठी घेतलं आणि एका मोसमानंतर सोडलं. 9 फेब्रुवारी 2025 ला ईगल्सने कॅन्सस सिटीला 40-22 असं हरवलं, तेव्हा डाव्या टोकाला मायलाटा होता. आमच्या गल्लीत रात्री एकपर्यंत फटाके वाजत होते, दिवाळीत वाजत नाहीत इतके.

डिलर्डबद्दल मी वाजवीपेक्षा जास्त वाचलं, हे कबूल करतो. 1983 साली आमच्या मंडळाच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्याला माझ्याहून दोन वर्षांनी मोठा मुलगा खेळायचा. शिवजयंतीच्या स्पर्धेला तीन आठवडे असताना सरावात त्याचा खांदा निखळला. मास्तरांनी मला बोलावलं. मी बरा खेळलो. पावसाळ्यानंतर तो बरा होऊन आला, रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभा राहायचा, चुना आखायला मदत करायचा. मास्तरांनी जागेचा विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. पुढच्या वर्षी तो यायचा थांबला.

5 सप्टेंबरला ब्राझीलमध्ये साओ पाउलोला चार्जर्सचा पहिला सामना झाला. डावीकडे आल्ट उभा होता. कॉलेजात तो डावीकडेच खेळलेला, म्हणजे त्याला हलवताना निदान हात तरी ओळखीचा होता. चार्जर्सने कॅन्सस सिटीला 27-21 असं हरवलं. हा लेख पाठवला तेव्हा मोसमाचे पहिलेच आठवडे चालू होते. शेजारी म्हणत होता, उजवीकडे बघ, भोक तिथे आहे. मी डावीकडे बघत होतो. मनात प्रश्न एवढाच होता: स्लेटर परत येईल, तेव्हा आल्ट कुठे उभा असेल?